परवानगी किती वेळा मागायची?

बारावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस मी शाळेची कमी आणि मोहल्ल्याची शिक्षिका जास्त असते. मी शिकवते उर्दू आणि मराठी, पण टेमघरमध्ये शिक्षिका म्हणजे शिक्षिका. तिला इंजिनिअरिंगच्या फेऱ्या कळतात, शिष्यवृत्तीचे फॉर्म कळतात आणि कुठल्या कॉलेजला किती टक्क्यांना जागा मिळते तेही कळतं, असं सगळे धरून चालतात. कळत नसेल तर मग शोधून काढावं लागतं. गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे. "मॅडम, साधी पदवी घ्यावी की ते पाच वर्षांचं, एमएस्सीपर्यंतचं, एकदम?"

हाच प्रश्न २०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाच्या घरी आला. घरातली बोली आमची उर्दू, पण जे बोलणं झालं ते इथे मराठीत मांडते.

भावाला दोन मुलं. मुलगा मोठा, २०२४ मध्ये बी.कॉम.ला गेला. मुलगी त्याच्याहून वर्षाने लहान, विज्ञान शाखेतून बारावी झालेली. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, अकरावीपासून इंग्रजी. पहिले सहा महिने ती शब्दकोश उशाशी घेऊन झोपायची. तिने नेस्ट नावाची प्रवेश परीक्षा दिली होती. ही परीक्षा दोन संस्थांसाठी असते. एक भुवनेश्वरची नायसर आणि दुसरी आपल्या कलिन्याच्या विद्यानगरीतलं मूलभूत विज्ञान केंद्र. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ मध्ये हे केंद्र सुरू केलं. तिथे बारावीनंतर सलग पाच वर्षांचं एमएस्सी होतं आणि जागा जेमतेम पन्नास-साठ. भुवनेश्वरचा विषय घरात कुणी काढलाच नाही. कलिन्याला मात्र तिला जागा मिळत होती.

एरवी अशा बातमीवर पेढे वाटतात. आमच्याकडे दोन दिवस कुणी काही बोललंच नाही. तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, "बाजी, ये जरा. पाच वर्षं म्हणते ती."

त्या 'पाच वर्षं' मध्ये काय काय होतं, ते भिवंडीबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या अब्बांचा आठ लूमचा कारखाना होता. तो भावाने पुढे चालवला, आणि सुताचा भाव, विजेचं बिल आणि कापडाला नसलेला उठाव यांचा मेळ बसेना तेव्हा लूम भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिले. आता तो मानकोलीच्या बाजूला एका गोदामात सुपरवायझर आहे. गोदामातली नोकरी कंत्राटाची. कंत्राट बदललं की माणसं बदलतात. अशा घरात 'पाच वर्षं' ऐकलं की माणूस आधी स्वतःच्या नोकरीची पाच वर्षं मोजतो आणि मोजणी दुसऱ्या वर्षालाच अडकते. त्यामुळे भावाचं म्हणणं होतं की तिने भिवंडीतल्याच कॉलेजात तीन वर्षांचं बीएस्सी करावं, पुढचं पुढे बघू.

मी आधी वहीचं पान काढलं आणि गणित मांडलं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला तीन वाटा झाल्या आहेत. तीन वर्षांत पदवी घ्या आणि वर दोन वर्षांचं एमएस्सी करा. किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्या आणि वर एका वर्षाचं एमएस्सी करा. नाहीतर सलग पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसा. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पाच, आणि पाच म्हणजे पाचच. एमएस्सीपर्यंत जायचं असेल तर कोणत्याच वाटेने एक दिवसही वाचत नाही. फरक फक्त मध्ये किती दरवाजे आहेत याचा आहे.

दरवाजा ही मोठी सोय आहे, हे मी कधीच नाकारणार नाही. आमच्या आधीच्या पिढीला ती ठाऊक होती. जुन्या पद्धतीत मॅट्रिकनंतर बी.ए.ला चार वर्षं लागायची आणि मध्ये 'इंटर'चा टप्पा असायचा. 'इंटर झालेला' माणूस ऑफिसात कारकून व्हायचा आणि लग्नाच्या बाजारातही ती पात्रता मोजली जायची. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला आणि मधला टप्पा गेला. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या मुलाच्या हातात काही उरेना. तीन वर्षं पुरी केली तर पदवीधर, नाहीतर बारावी पास. माझ्या वर्गातून गेलेली कितीतरी मुलं आज 'बारावी पास' आहेत, प्रत्यक्षात त्यांनी दोन वर्षं कॉलेज केलेलं आहे. घरात कुणी आजारी पडलं, कारखाना बंद झाला, आणि शिक्षण तिथेच तुटलं.

नव्या रचनेने हा मधला टप्पा परत आणला. पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं असेल तर उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा एखादा व्यावसायिक अभ्यासक्रम करावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करू शकतो. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ही रचना २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झाली, म्हणजे माझा भाचा तिच्या पहिल्याच तुकडीत आहे.

त्याच्यासाठी ही रचना चांगली आहे. तो संध्याकाळी गोदामात पार्सलं मोजतो, त्याला कमवायचं आहे आणि तो ते लपवत नाही. उद्या भावाची नोकरी गेली तर पहिला भार त्याच्यावर येईल, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, तरी ठाऊक आहे. अशा मुलाला मध्ये दरवाजे असलेली वाट हवी. तो बाहेर पडला तर हातात कागद असेल, आणि परत यायचं म्हटलं तर त्याला कुणी अडवणार नाही. उलट 'शिकतोय पुन्हा' म्हणून कौतुकच होईल.

मुलीचं मात्र तसं नाही, आणि हे मला त्या रात्री भावासमोर बोलावं लागलं.

मुलीच्या वाटेवरचा दरवाजा ती स्वतः उघडत नाही. तो घर उघडतं. बीएस्सी संपतं तेव्हा ती एकवीस वर्षांची असते. रिश्ते येण्याचं तेच वय. त्या जूनमध्ये निकाल लागतो, एमएस्सीचा फॉर्म आणायचा असतो, कदाचित वेगळ्या कॉलेजात, वेगळ्या शहरात, नवी फी भरून. म्हणजे अठराव्या वर्षी जी परवानगी मागितली होती ती एकविसाव्या वर्षी पुन्हा मागायची, आणि तेव्हा घरातली माणसं जास्त असतात. मामा असतात, खाला असतात, रिश्ता घेऊन आलेल्या बाई असतात. पहिल्या वेळी फक्त बाप असतो. मुलाला वाटेतला दरवाजा बाहेर पडायला उपयोगी पडतो. मुलीच्या बाबतीत त्याच दरवाजातून तिला बाहेर काढणं सोपं होतं.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी स्वतः तीन वेळा परवानगी मागितली आहे. पहिली बी.ए.ला, ती लगेच मिळाली. दुसरी बी.एड.ला. तेव्हा बी.एड. एका वर्षाचं होतं. "एकच वर्ष आहे, नोकरी लागेल," एवढं वाक्य पुरलं. २००२ मध्ये ते झालं. तिसरी परवानगी एम.ए.साठी मागायला गेले तेव्हा अब्बांचा दमा वाढला होता, कारखान्यातल्या कापसाच्या धुळीने त्यांच्या छातीत घर केलं होतं, आणि माझं नातं ठरत आलं होतं. अब्बा नाही म्हणाले नाहीत. "बघू" म्हणाले. आमच्याकडे 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो. मला त्याचं दुःख नाही. त्या बी.एड.वर मी वीस वर्षांहून जास्त काळ घर चालवलं आहे आणि माझं काम मला आवडतं. पण एवढं नक्की समजलं की शिक्षण प्रत्येक वळणावर नव्याने मागावं लागलं तर एखाद्या वळणावर ते थांबतंच, आणि तिथे कुणी वाईट माणूस उभा असायलाच हवा असं नाही.

भावाने ऐकून घेतलं. मग पैशांचं विचारलं. तेही रास्तच होतं. या दोन्ही संस्थांतल्या निवडलेल्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारच्या योजनेतून वर्षाला ६०,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते आणि उन्हाळी प्रकल्पासाठी आणखी २०,०००. पण मी त्याला बजावलं की शिष्यवृत्ती मंजूर होणं आणि खात्यात येणं यांत महिने जातात, तेव्हा तिच्या भरवशावर पहिल्या सहा महिन्यांचा रिक्षा-लोकलचा खर्च धरू नकोस. तो बाजूला काढून ठेव.

तो म्हणाला, "पण मुलींना तर आता सगळं मोफत झालंय ना?" हा गैरसमज आमच्याकडे फार पसरला आहे. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये जो निर्णय काढला तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींसाठी. साधं बीएस्सी त्यात धरून चालू नये. कॉलेजच्या खिडकीवर जाऊन विचारल्याशिवाय 'मोफत' हा शब्द हिशोबात लिहू नये.

मग भावजय बोलली. तोवर ती चहाचे कप उचलत होती. "बाजी, पाच वर्षांनी ती एमएस्सी होईल. तिच्या बरोबरीचा मुलगा मी कुठून आणू? आपल्याकडे मुलं बारावीनंतर गोदामात जातात."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. माझ्या डोळ्यांसमोरून गेलेल्या तुकड्यांत पुढे शिकणाऱ्या मुली वाढत गेल्या आणि मुलगे लवकर कामाला लागत गेले. मुली शिकल्या म्हणून हे झालेलं नाही. लूम बंद पडले आणि मुलांच्या खांद्यावर घर लवकर आलं. पण रिश्ता ठरवताना आई कारणं मोजत नाही, मुलगे मोजते. मी एवढंच म्हटलं, "भाभी, बीएस्सी झाली तरी बरोबरीचा शोधावाच लागेल. तीन वर्षांच्या पदवीने तो प्रश्न सुटत नाही, फक्त लवकर सुरू होतो." ती हसली नाही. पण कप तिथेच ठेवून खाली बसली.

पाच वर्षांच्या वाटेला धोके नाहीत असं मी म्हटलं नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी माणूस ठरवतो की मला विज्ञानच करायचं आहे, आणि ते खरं ठरेलच असं नाही. तिथे वर्गात देशभरातून निवडून आलेली मुलं असतात, शिकवायला टीआयएफआर आणि बीएआरसीसारख्या ठिकाणचे शास्त्रज्ञ येतात, आणि उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी दम लागणारच. मध्येच सोडलं तर हातात काय पडतं, हे प्रत्येक संस्थेत वेगळं असतं. म्हणून मी भाचीला सांगितलं की प्रवेशाच्या पुस्तिकेत आधी तो नियम शोध आणि अब्बांना वाचून दाखव. तो सापडला नाही तर ऑफिसात लेखी विचार. सलग अभ्यासक्रमाला बसणाऱ्या प्रत्येक मुलाने हे करायला हवं, मग तो कुठलाही असो.

उलट, जवळच्या कॉलेजात चार वर्षांची पदवी घ्यायची असेल तर दुसरा प्रश्न विचारावा. आपल्या विषयाचं चौथं वर्ष याच कॉलेजात आहे का? धोरणात चौथं वर्ष असणं आणि कॉलेजात ते असणं यात फरक आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, हेही पहिल्याच वर्षी ठाऊक असलेलं बरं. तसे गुण असणाऱ्याला चार वर्षांनंतर थेट पीएचडीची वाटही आता मोकळी आहे.

आणि ज्यांना माझ्यासारखं शिक्षक व्हायचं आहे, त्यांच्यासाठी एक वेगळा हिशोब. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, म्हणजे बी.ए. आणि बी.एड. मिळून पाच वर्षं. २०२३ पासून निवडक संस्थांत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू झाला आहे, त्यात पदवी आणि बी.एड. एकत्र होतं. इथे मात्र सलग वाटेने खरोखर एक वर्ष वाचतं. चार वर्षांची पदवी किंवा एम.ए. झालेल्यांसाठी एका वर्षाचं बी.एड. परत आणण्याचा मसुदाही २०२५ च्या सुरुवातीला आला. नियम असे बदलत राहतात. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०१४ मध्ये मागे घेतली, त्या एका तुकडीची काय अवस्था झाली असेल ते पालकांनी आठवावं. ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या वर्षीचा नियम वाचा, शेजारच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते नको.

त्या रात्री शेवटी भावाने एकच गोष्ट विचारली. "बाजी, म्हणजे मला एकदाच हो म्हणायचं आहे?"

"एकदाच," मी म्हटलं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग मुलीला हाक मारून म्हणाला, "कल्याणहून सकाळी लोकल कितीला आहे बघ."

ती आता पहाटे घर सोडते. टेमघरहून शेअर रिक्षा, कोनगाव, दुर्गाडीचा पूल, कल्याण. तिथून कुर्ला आणि पुढे कलिना. जायला दोन तास, यायला दोन तास. पहिल्या सत्रात गणिताच्या एका पेपरात तिला इतके कमी गुण मिळाले की दोन दिवस ती माझ्याशीही बोलली नाही. पाच वर्षं पुरी होतील की नाही, हे मला ठाऊक नाही, तिलाही नाही. तिची वाट तिने अजून चालून संपवलेली नाही, त्यामुळे यशाची गोष्ट म्हणून मी ती सांगणार नाही.

पण एक बदल मी पाहिला. या ईदला भावाच्या घरी एक नातेवाईक बाई रिश्त्याची गोष्ट घेऊन आल्या होत्या. मुलगा चांगला होता, घरही चांगलं होतं. पूर्वी अशा वेळी भावजय "बघू" म्हणाली असती आणि सगळ्यांना त्या 'बघू'चा अर्थ कळला असता. या वेळी तिने शीरखुर्म्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि सहज म्हणाली, "तिचं २०३० पर्यंत चालू आहे. त्यानंतर या."

त्या बाई रागावल्या नाहीत. कॉलेजने लिहून दिलेली तारीख होती ती, तिच्याशी वाद कसा घालणार? तुमच्या घरात यंदा हा प्रश्न आला असेल तर वर्षं मोजाच, फी मोजा, लोकलचा पास मोजा. त्याच कागदावर हेही लिहा, की या वाटेवर तुमच्या मुलीला किती वेळा तुमच्यासमोर येऊन उभं राहावं लागणार आहे.